२९ घटना, अपेक्षा १०.६: सुपरसिमेट्रीच्या शोधातलं एक प्रकरण

मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला कणभौतिकी शिकवते. हिग्ज बोसॉन कसा सापडला हे मुलं घरूनच वाचून आलेली असतात, म्हणून वर्गात मी दुसरंच प्रकरण घेते. मार्च २०१५ मध्ये जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरच्या ॲटलास प्रयोगाने तीन सिग्माचा, म्हणजे निव्वळ योगायोगाने क्वचितच येईल असा, एक जादा आकडा जाहीर केला. तो दीडेक वर्ष चर्चेत राहिला आणि मग विरून गेला. केबल सैल निघाली, कोणी आकडे फिरवले, असलं काही त्यात नाही. बोट ठेवायला चूकच नसल्यामुळे निर्णय कसे घेतले गेले याकडेच बघावं लागतं.

प्रयोगांची नावं आणि आकडे जाहीर आहेत, ते तसेच ठेवलेत. माणसं अनामिक आहेत. तशीही ज्या निबंधावर जवळपास तीन हजार नावं असतात, तिथे ‘हे कोणी केलं’ या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. बंद खोल्यांतल्या चर्चा मी ऐकलेल्या नाहीत. जे निबंधांत उतरलं त्यावरूनच ही मांडणी केली आहे.

पार्श्वभूमी

सुपरसिमेट्री, म्हणजे या धंद्यातल्या लोकांची ‘सूसी’, सांगते की प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार आहे. क्वार्कला स्क्वार्क, ग्लुऑनला ग्लुइनो, आणि फोटॉन, झेड, हिग्ज यांच्या जोडीदारांच्या मिश्रणातून न्यूट्रालिनो. ही सगळी वरात हवी कशाला? एक म्हणजे हिग्जचं वस्तुमान १२५ जीईव्हीवर (हे कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचं एकक, हजार जीईव्ही म्हणजे एक टीईव्ही) टिकून कसं राहतं याचं उत्तर तीत मिळतं. दुसरं म्हणजे सर्वांत हलका जोडीदार फुटत नसेल तर तो कृष्णद्रव्याचा कण असू शकतो.

हा हलका जोडीदार डिटेक्टरमध्ये काहीच खूण ठेवत नाही, न थांबता निघून जातो. त्याला पकडायचं ते हिशेबातल्या तुटीवरून. दोन प्रोटॉन समोरासमोर येऊन आदळतात तेव्हा आडव्या दिशेने संवेग शून्य असतो, त्यामुळे टकरीनंतरही सगळ्या तुकड्यांच्या आडव्या संवेगाची बेरीज शून्यच यायला हवी. ती आली नाही तर जी तूट पडते तिला ‘मिसिंग एनर्जी’ म्हणतात. पण गल्ल्यात तूट पडायला दोन कारणं असतात: कोणीतरी पैसे घेऊन गेलं, किंवा मोजणाऱ्याने चुकीचं मोजलं. न्यूट्रिनो हा रोजचा, ओळखीचा चोर. आणि जेटची, म्हणजे क्वार्क-ग्लुऑनपासून निघालेल्या कणांच्या झोताची, ऊर्जा कमी मोजली गेली की तीही तुटीतच दिसते.

या दुसऱ्या कारणाशी आपल्याकडचाही थोडा संबंध आहे. त्याच कोलायडरवरच्या सीएमएस या दुसऱ्या प्रयोगात चुंबकाच्या कॉइलबाहेर सिंटिलेटरचा, म्हणजे कण गेला की चमकणाऱ्या पदार्थाचा, एक थर आहे, आतल्या कॅलरीमीटरमधून, म्हणजे ऊर्जा मोजणाऱ्या भागातून, निसटलेली जेटची शेपटी पकडण्यासाठी. तो उभारण्यात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. तो थर नसता तर काही जेटची ऊर्जा कमी भरली असती आणि खोटी तूट वाढली असती.

आता प्रत्यक्ष शोध. ॲटलासने २०१२ साली ८ टीईव्हीवर घेतलेला २०.३ इन्व्हर्स फेम्टोबार्न (हे एकूण टकरी किती झाल्या याचं माप) डेटा त्यात वापरला. घटना निवडायची चौकट, म्हणजे ‘खिडकी’, अशी: एकाच जातीचे पण विरुद्ध प्रभाराचे दोन लेप्टॉन, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन किंवा दोन म्यूऑन. त्यांचं एकत्रित वस्तुमान ८१ ते १०१ जीईव्हीमध्ये, म्हणजे ते झेड बोसॉनपासूनच आले असावेत असं. सोबत किमान दोन जेट, मिसिंग एनर्जी २२५ जीईव्हीच्या वर, आणि जेट व लेप्टॉन यांच्या आडव्या संवेगांची साधी बेरीज ६०० जीईव्हीच्या वर. मनातलं चित्र असं, की ग्लुइनोची जोडी तयार होते, प्रत्येक ग्लुइनो क्वार्क आणि न्यूट्रालिनोत फुटतो, न्यूट्रालिनो झेड देतो आणि ग्रॅव्हिटिनो (गुरुत्वाकर्षणाच्या कणाचा जोडीदार, या चित्रात सर्वांत हलका) गुपचूप निघून जातो.

अडचण

खिडकीत २९ घटना निघाल्या. अपेक्षा होती १०.६, अधिक-उणे ३.२. इलेक्ट्रॉनच्या बाजूला १६ (अपेक्षा ४.२), म्यूऑनच्या बाजूला १३ (अपेक्षा ६.४). एकत्र तीन सिग्मा.

सूसी नसेल तर इतकी मोठी उडी योगायोगाने यायची शक्यता साधारण ७४० मध्ये एक. शोध लागला म्हणायला पाच सिग्मा लागतात, म्हणजे पस्तीस लाखांत एक. तीन सिग्माची पंचाईत अशी की तो गिळवतही नाही आणि थुंकवतही नाही.

त्यात वेळ मोठी विचित्र होती. दोन वर्षांच्या दुरुस्तीनंतर कोलायडर पुन्हा सुरू होण्याच्या बेतात होता. काही महिन्यांत १३ टीईव्हीच्या टकरी मिळणार होत्या. शिवाय महिनाभर आधीच सीएमएसने ८ टीईव्हीवरचा आपला तसाच शोध जाहीर केला होता. त्यांना झेडच्या खिडकीत काहीच दिसलं नव्हतं. त्याऐवजी झेडच्या खालच्या वस्तुमानांत २.६ सिग्माचा एक वेगळाच उंचवटा दिसला होता, आणि तो ॲटलासला दिसत नव्हता. दोन भावांनी एकाच घरात रात्री दोन वेगवेगळे आवाज ऐकावेत, तशी ही गत.

१०.६ हा आकडा येतो कुठून

वर्गातला सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवते, कारण २९ हा आकडा मोजलेला आहे, १०.६ मात्र बांधलेला आहे.

त्यातला मोठा वाटा, सहाच्या आसपास, टॉप क्वार्कच्या जोड्यांसारख्या प्रक्रियांचा. त्यात खरा झेड नसतोच. दोन डब्ल्यू बोसॉन स्वतंत्रपणे फुटून एकेक लेप्टॉन आणि एकेक न्यूट्रिनो देतात, आणि दोन लेप्टॉनचं वस्तुमान योगायोगाने झेडच्या पट्टीत येऊन बसतं. न्यूट्रिनो असल्यामुळे तूटही खरी. हा भाग मोजायची युक्ती मात्र फार सुंदर आहे. डब्ल्यूला इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन सारखेच, म्हणून टॉपच्या घटनांत इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन, म्यूऑन-म्यूऑन आणि इलेक्ट्रॉन-म्यूऑन जोड्या १:१:२ या प्रमाणात यायला हव्यात. झेड कधीच एक इलेक्ट्रॉन आणि एक म्यूऑन अशी जोडी थेट देत नाही. मग मिश्र जोड्या मोजा, डिटेक्टरच्या क्षमतेची दुरुस्ती करा, की बॅकग्राउंड, म्हणजे सूसी नसतानाही खिडकीत येणाऱ्या ओळखीच्या घटनांचा आकडा, थेट डेटामधूनच मिळतो. सिम्युलेशनवर फार विसंबावं लागत नाही.

ग्यानबाची मेख अशी की इतक्या कडक कटनंतर, म्हणजे निवडीच्या अटींनंतर, मिश्र जोड्याही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरतात. चार घटना इकडच्या तिकडे झाल्या की अपेक्षा बदलते.

पुढचा अडीचेक घटनांचा वाटा डब्ल्यू-झेड आणि झेड-झेड जोड्यांचा, तो सिम्युलेशनमधून. आणि ज्याची सगळ्यांना खरी भीती असते तो, म्हणजे साधा झेड, जेटची चुकीची मोजणी, खोटी तूट? त्याचा अंदाज निघाला ०.०७. एका घटनेचा शंभरात सातवाच भाग, म्हणजे एक घटनाही नाही. डेटातल्या जेटची ऊर्जा अलगद वर-खाली हलवून, म्हणजे मोजणीतली चूक मुद्दाम घालून, ही शेपटी काढली होती. २९ समोर असताना ०.०७ वाचलं की माझी भुवई दरवर्षी वर जाते. आकडा चूक आहे असं मी म्हणत नाही. पण सगळ्या जमाखर्चात ज्या एका ओळीने शेकडोपटीने वाढून प्रकरण मिटवलं असतं ती ही ओळ होती, आणि ती एकाच पद्धतीवर उभी होती.

एक हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घेते. अपेक्षा नेमकी १०.६ असती, तिच्यात शंकाच नसती, तर २९ किंवा जास्त घटना यायची शक्यता दहा लाखांत दोन-तीन, म्हणजे साडेचार सिग्माच्या वर. ती तीन सिग्मावर आली ती फक्त ‘अधिक-उणे ३.२’मुळे. म्हणजे निम्मी लढाई २९ वर नव्हती, ३.२ वर होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, थांबायचं. १३ टीईव्हीचा डेटा तोंडावर आहे, तो येऊ द्या, दोन्ही एकत्र छापू. लाज वाचते. पण मग जे निकाल गुळमुळीत आले तेच छापायचे आणि जे खटकले ते कपाटात ठेवायचे, अशी सवय लागते, आणि बाहेरच्यांना साहित्यात दिसणारे सगळे सिग्मा खोटे होऊन बसतात.

दुसरा, बॅकग्राउंड पुन्हा उकरायचा. हे कर्तव्यच आहे, पण त्यात एक सापळा आहे. अपेक्षेपेक्षा कमी घटना आल्या असत्या तर कोणी इतकं उकरलं असतं का? जादा आला की तो जाईपर्यंत चूक शोधायची आणि गेला की थांबायचं, हाही पक्षपातच.

तिसरा पर्याय सगळ्यात मोहाचा. २९ घटना एकेक करून बघायच्या, त्यांच्यात काय सारखं आहे ते हेरायचं आणि तिथे कट कडक करायचा. तीनाचे चार सिग्मा करायला फार बुद्धी लागत नाही. ज्या डेटातून प्रश्न निघाला त्याच डेटाला उत्तर विचारायचं, इतकंच.

चौथा, आहे तसं छापायचं. खिडकी जशी ठरवली तशी, आकडा जसा आला तसा.

कोलायडर जिथे आहे त्या सर्न प्रयोगशाळेचं तोंड याबाबतीत आधीच पोळलेलं होतं. १९८४ साली यूए१ प्रयोगात एकच जेट आणि मोठी तूट अशा मोजक्या घटना दिसल्या होत्या, आणि सूसी दारात आली अशी हवा झाली होती. नंतर निघालं की टाउ (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) देणारे डब्ल्यू, न्यूट्रिनो देणारे झेड, असे पाच-सहा किरकोळ बॅकग्राउंड एकत्र केले की त्या घटनांचा हिशेब लागतो. एकेकटा प्रत्येक वाटा नगण्य, सगळे मिळून पुरेसे. तीस वर्षांनी ताकही फुंकून पिणं स्वाभाविक होतं.

काय केलं गेलं

चौथा पर्याय निवडला गेला. निबंधात तीन सिग्मा स्पष्ट लिहिले, शोधाचा दावा केला नाही, आणि मॉडेलवरच्या मर्यादाही दिल्या.

त्यानंतरचा निर्णय माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला. १३ टीईव्हीवर ऊर्जा बदलली, टकरींची गर्दी बदलली, तरी खिडकी तीच ठेवली. ८१ ते १०१, २२५, ६००. नव्या ऊर्जेला याहून धारदार कट सहज बसवता आले असते, आणि नव्या सूसीच्या शोधासाठी ते शहाणपणाचंही ठरलं असतं. पण प्रश्न जुन्या जादा आकड्याचा होता, म्हणून उत्तरही जुन्याच मापाने घेतलं.

माप तेच ठेवलं, तराजू मात्र बदलला. खोट्या तुटीचा तो ०.०७ वाला अंदाज आता दुसऱ्या वाटेने काढला: झेडऐवजी फोटॉन आणि जेट असलेल्या घटना घेऊन. फोटॉन झेडसारखाच जेटच्या विरुद्ध दिशेला उसळतो, स्वतः नीट मोजला जातो, आणि अशा घटना भरपूर मिळतात. त्यात तूट दिसली तर ती बहुतेक जेटच्या मोजणीचीच. फोटॉनसोबत डब्ल्यू किंवा झेड असेल तर खरे न्यूट्रिनो घुसतात, ते वजा करावे लागतात. ती कटकट आहे, पण ती माहीत असलेली कटकट आहे.

तिकडे सीएमएसनेही एक उमदं काम केलं. त्यांच्या ८ टीईव्हीच्या खिडकीत ६०० जीईव्हीची अट नव्हती, त्यामुळे ‘तुम्हाला दिसलं, आम्हाला नाही’ ही तुलनाच सरळ नव्हती. १३ टीईव्हीवर त्यांनी स्वतःच्या खिडक्यांबरोबर ॲटलासची खिडकीही उघडली.

सैद्धांतिक बाजूला तोवर सुतावरून स्वर्ग गाठण्याचं काम जोरात सुरू होतं. ग्लुइनो, स्क्वार्क, जादा हिग्ज, सगळ्यांना जागा मिळाली. यात मला वावगं वाटत नाही. त्यांचं ते कामच आहे. पण एक साधी बेरीज सगळ्यांनाच अडवत होती. झेड फक्त पावणेसात टक्के वेळा इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑनची जोडी देतो. सत्तर टक्के वेळा तो क्वार्कमध्ये फुटतो. लेप्टॉनच्या खिडकीत जादा १८ घटना खऱ्या असतील, तर फक्त जेट आणि तूट बघणाऱ्या शोधांत याच कणांच्या त्याहून कितीतरी घटना असायला हव्यात. ते शोध झालेले होते आणि तिथे शांतता होती. वस्तुमानं एकमेकांच्या जवळ आणून यातून वाट काढता येत होती, पण ती अरुंद होती.

निकाल

१५ डिसेंबर २०१५ रोजी सर्नमध्ये दोन्ही प्रयोगांनी १३ टीईव्हीचे पहिले निकाल मांडले. ॲटलासच्या ३.२ इन्व्हर्स फेम्टोबार्नमध्ये अपेक्षा १०.३, अधिक-उणे २.३, दिसल्या २१. सिग्मा २.२. सीएमएसला त्याच खिडकीत अपेक्षा १२ आणि दिसल्या १२.

पण त्या दिवशी सभागृहात याकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ नव्हता. त्याच बैठकीत ७५० जीईव्हीपाशी दोन फोटॉनचा उंचवटा जाहीर झाला, आणि कानामागून आला नि तिखट झाला. झेडची खिडकी मागे पडली. (७५० चंही पुढे काही झालं नाही, ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत तो गेला.)

२०१६ च्या डेटासह १४.७ इन्व्हर्स फेम्टोबार्न झाल्यावर ॲटलासने त्याच खिडकीत पुन्हा पाहिलं. अपेक्षा ५३.५, अधिक-उणे ९.३. दिसल्या ६०. आधीचा दहा-अकरा घटनांचा जादा खरा असता तर साडेचारपट डेटात तो पन्नासच्या आसपास जायला हवा होता. उरला साडेसहा, तोही चुकीच्या मर्यादेत. त्यानंतर आलेल्या कितीतरी मोठ्या डेटातही या प्रकारच्या घटनांत सूसीची खूण मिळालेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

जाहीर झालेले तीन सिग्मा त्या एका खिडकीपुरते होते. ॲटलास आणि सीएमएस मिळून सूसीसाठी अशा शेकडो खिडक्या उघडतात. ७४० मध्ये एकदा होणारी गोष्ट इतक्या खिडक्यांत कुठेतरी दिसणारच. पूर्ण प्रयोगभरासाठी ही दुरुस्ती काटेकोर करणं अवघड आहे हे मान्य, कारण खिडक्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. तरी निबंधाच्या सारांशात ‘३ सिग्मा’च्या शेजारी खिडक्यांची ढोबळ संख्या लिहायला काही खर्च येत नाही.

इलेक्ट्रॉन-म्यूऑनच्या मोजक्या घटनांचं दुखणं टाळता येण्यासारखं होतं. १३ टीईव्हीच्या अभ्यासात मिश्र जोड्यांसाठी वस्तुमानाची पट्टी रुंद करून नंतर गुणोत्तराने खाली आणली. टॉपच्या घटनांना झेडच्या पट्टीचं काही पडलेलं नसतं, त्यामुळे हे चालतं. ८ टीईव्हीवर हेच केलं असतं तर २९ चे २७ झाले नसते, पण ३.२ लहान झाला असता.

माझा मुख्य आक्षेप मात्र डिसेंबर २०१५ च्या वाचनावर आहे. २१ विरुद्ध १०.३ ऐकून बऱ्याच जणांनी ‘जादा आकडा परत आला’ असं म्हटलं. आकडेमोड करून पाहा. १ टीईव्हीच्या आसपासच्या ग्लुइनोचं उत्पादन ८ वरून १३ ला जाताना दहापटीहून जास्त वाढतं. डेटा सहाएक पटीने कमी होता. म्हणजे ८ टीईव्हीवरचा १८ चा जादा खराच ग्लुइनोचा असता, तर इथे तीस किंवा त्याहून मोठा जादा दिसायला हवा होता. दिसला अकरा. ग्लुइनो हलका असेल किंवा स्क्वार्कची गोष्ट असेल तर पटी कमी होते, पण दिशा तीच राहते. २.२ सिग्मा हा बळकटी देणारा आकडा वाटला. जी कल्पना तपासायची होती तिच्यासाठी तो खरं तर उतरणीचा होता. दुसरा डेटा उघडण्याआधी ‘हे मॉडेल खरं असेल तर इतक्या घटना’ असं एका ओळीत लिहून ठेवलं असतं, तर हे त्याच संध्याकाळी कळलं असतं.

खिडकी न हलवण्याच्या निर्णयावर वर्गात दरवर्षी वाद होतो. गेल्या वर्षी एका मुलाचं म्हणणं होतं की त्यामुळे धारदार शोधाची संधी वाया गेली. गेली नाही, नव्या खिडक्या वेगळ्या उघडल्या होत्याच, जुनी फक्त बंद केली नव्हती.

त्याच तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग त्या जादा अठरा घटना गेल्या कुठे?”

कुठेच गेल्या नाहीत. २९ च्या २९ टकरी खऱ्या आहेत आणि आजही सर्नच्या साठ्यात आहेत. काही टॉपच्या, काही डब्ल्यू-झेडच्या, एखाददुसरी वाकड्या मोजलेल्या जेटची. त्यातली कुठली कुठली, हे एकेक घटना उघडून कोणालाही सांगता येणार नाही.